हँडब्रेकपासून पुढे

९ जानेवारी

बोक्या,

फोनवर तू सगळ्याला "हो ताई, हो ताई" म्हणतोस आणि महिन्याभराने "असं कुठे ठरलं होतं?" म्हणून मोकळा होतोस. म्हणून यापुढे गाडीबद्दल जे काही बोलायचं ते कागदावर. उत्तरही कागदावरच हवं.

तर बातमी अशी, की मामाची गाडी काल माझ्या शेडमध्ये आली. टोइंगवाल्याच्या शेजारी बसून मामी स्वतः सोबत आली होती. उतरल्यावर तिने किल्ली माझ्या हातात ठेवली आणि म्हणाली, "त्यांनी सांगून ठेवलं होतं, दोघा भाचरांना अर्धी-अर्धी. भांडू नका." मी म्हटलं, "मामी, मी पन्नाशी ओलांडली, तो पन्नाशीला टेकला, आता कसले भांडतोय आम्ही?" तर ती खो-खो हसली. मामा गेल्यापासून तिला असं हसताना मी पाहिलं नव्हतं.

अर्धी म्हणजे कशी, ते मी ठरवून टाकलं आहे. हँडब्रेकपासून पुढे माझी, मागे तुझी. हँडब्रेक सामायिक. इंजिन माझ्या वाट्याला आलं हे खरं, पण डिकी, स्टेपनी आणि पेट्रोलची टाकी तुझ्याकडे गेली, तेव्हा कुरकुर नको. मागच्या सीटमध्ये उंदरांनी संसार थाटला आहे, तोही तुझाच. वापरायला सहा-सहा महिने. जूनअखेरपर्यंत माझ्याकडे, जुलैत तू ये आणि चालवत घेऊन जा. इंजिन तिसऱ्या प्रयत्नात सुरू झालं. पत्रा बराच शाबूत आहे. एवढ्या जुन्या गाडीच्या मानाने तब्येत ठणठणीत.

आता मुद्द्याचं. मला ती खाली करायची आहे. म्हणजे स्प्रिंग आखूड करायचे, बॉडी चाकांवर उतरवायची, टायरची वरची कड मडगार्डच्या आत गेली पाहिजे. सध्या ती कपडे वर धरून पाण्यातून चालल्यासारखी दिसते. खाली केली की ऐसपैस बसलेली दिसेल. मग रंग. रंगाचं अजून ठरलं नाही, पण तुझे भाऊजी म्हणतात तो राखाडी नक्कीच नाही.

कशाला, असं तू विचारणार. उपयोग काही नाही. मी तीस वर्षं लोकांच्या कवळ्या करते आहे. दुसऱ्याच्या तोंडात बसेल, दुसऱ्याला चावता येईल, दुसऱ्याचं हसू बरं दिसेल, असं सगळं दुसऱ्याच्या मापाने. एक गोष्ट मला फक्त आवडते म्हणून करायची आहे. तरुणपणी अशी एक गाडी रस्त्यावरून सरपटत गेलेली पाहिली होती, तेव्हापासून डोक्यात आहे. अर्ध्या मालकाची परवानगी हवी, म्हणून हे पत्र.

ताई


२४ जानेवारी

फौजदारीणबाईंना सलाम,

पत्र मिळालं. हिनेही वाचलं आणि म्हणाली, "तुमच्या ताईंकडे वेळ बराच दिसतो."

माझी साफ नामंजुरी. कारणं कागदावर हवी असतील तर घे. मी सव्वीस वर्षं बस चालवतोय. रस्ता गाडीला खालून खातो, वरून नाही. सायलेन्सर, इंजिनखालचं ऑइलचं चेंबर, सगळं पोटाला लटकलेलं असतं. ते जमिनीपासून चार बोटांवर आणून ठेवायचं म्हणजे दुखणं विकत घेणं. खाली केलेल्या गाड्या मी रोज बघतो. गतिरोधक आला की तिरक्या होतात, एकेक चाक जपून चढवतात, आणि त्यांच्या मागे माझी साठ माणसं घड्याळं बघत बसतात. त्या साठांमधला एकही "काय छान दिसतेय गाडी" म्हणाल्याचं मला आठवत नाही.

शिवाय ती मामाची आहे. आठवतं ना, बसण्याआधी दोन्ही बूट एकमेकांवर आपटून झटकायचा. बंद पडलेल्या गिरणीच्या मैदानात आपल्या दोघांना त्याने चालवायला शिकवलं, तेव्हा तू दुसऱ्या गिअरवरून थेट खांबाकडे निघालीस आणि तो फक्त "बाळ, ब्रेक पण असतो" एवढंच म्हणाला. त्या माणसाची गाडी आहे तशी राहू दे.

जुलैत मी येतोच. खरं सांगू? मी दिवस मोजतोय. आयुष्यभर पाठीमागे माणसं घेऊन चालवली. एकदा रिकाम्या गाडीत, खिडकी उघडी टाकून, कुठेही न थांबता घरापर्यंत चालवत यायचं आहे. घंटी वाजवून कुणी उतरायचं नाही. तेव्हा मला ती धड हवी.

तुझ्या अर्ध्या भागाचं तुला काय हवं ते कर. माझ्या अर्ध्याला हात लावायचा नाही. उंदरांनाही नाही.

बोक्या

ता. क. परवा डेपोत वळताना बसचा डावा आरसा खांबाला घासला. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. पोरांनी दिवसभर हैराण केलं. तुझं पत्र डोक्यात घोळत होतं, दुसरं काय.


२ मार्च

बोक्या,

सोबत फोटो आहे. आधी फोटो बघ, मग पुढे वाच.

"तुझ्या अर्ध्या भागाचं तुला काय हवं ते कर," हे तुझ्याच अक्षरात माझ्याकडे आहे. केलं. पुढची अर्धी खाली केली. मागच्या अर्ध्याला बोटही लावलं नाही. उंदीर मात्र गेले, पण ते आपणहून गेले, ग्राइंडरच्या आवाजाने.

घाबरू नकोस. मामाचे मूळ स्प्रिंग कापलेले नाहीत. ते ग्रीस लावून, कापडात गुंडाळून फळीवर ठेवले आहेत. भंगारवाल्याकडून तसल्याच गाडीचे दुसरे दोन आणले आणि ते कापले, दीड-दीड वेढा. शेजारचा वेल्डर गॅसची नळी घेऊन उभाच होता, म्हणे एका मिनिटात उडवतो. मी म्हटलं, खबरदार. कवळीला दात धरून ठेवणारी तार असते ना, ती जास्त तापली की तिच्यातला ताठा जातो, मग नुसती वाकते. स्प्रिंगही तारच आहे, जाड असली म्हणून काय झालं? ग्राइंडरने कापले, मधूनमधून पाणी मारत. जुने काढताना शिकंजा लावून स्प्रिंग दाबून धरावा लागतो. तो सुटला तर जबडा जातो, आणि माझी कवळी करायला गावात दुसरं कुणी नाही, म्हणून फार जपून केलं. पोटाखाली घोड्या लावल्या होत्या, नुसत्या जॅकवर नाही. तेवढं तुझ्याकडूनच शिकले आहे.

आता दिसतं कसं, ते फोटोत आहेच. तुझे भाऊजी म्हणाले, "गाडीचं नाणं पडलंय वाटतं खाली." रोज सकाळी शेडमध्ये डोकावून विचारतात, "सापडलं का?" हेडलाइट लावले तर माझ्याच चपलांवर उजेड पडतो. डिकी इतकी वर आली आहे की मामीने बघितलं आणि नुसती मान हलवली. म्हणाली, "अर्धी-अर्धी म्हटलं ते पोरांनी खरंच केलं." आणि मग घरी जाऊन सगळ्या बहिणींना फोन करून सांगितलं.

मला स्वतःला पुढून बघितलं की फार बरं वाटतं. अगदी माझ्या मनात होती तशी. बाजूला गेलं की हसू येतं. म्हणून दिवसातून चारदा पुढूनच बघून येते.

मागचं काम सोपं आहे. मागे वेढ्यांचे स्प्रिंग नाहीत, पाटे आहेत. पाटा एक्सलच्या खालून जातो, त्या दोघांमध्ये एक लोखंडी ठोकळा घालायचा, म्हणजे गाडी तेवढी खाली बसते, लांब यू-बोल्टने आवळायचं, झालं. ठोकळे मी करून ठेवलेत. फक्त तुझं "हो" हवं. आता तरी दे, निदान गाडीच्या अब्रूसाठी.

ताई


२१ मार्च

ताई,

फोटो बघितला. हसलो, हे कबूल करतो. पण तशी चालवू नकोस. ब्रेक दाबला की सगळा भार आधीच पुढे येतो. तू तर गाडीच पुढे वाकवून ठेवली आहेस. जोरात ब्रेक लागला तर मागची चाकं हलकी होऊन घसरतील. शेडमध्ये काय मिरवायची ती मिरव.

मागच्या भागाचं मी आल्यावर बघू. घाई कसली आहे?

एक बातमी. मला बसवरून काढून डेपोच्या केबिनमध्ये बसवलं आहे. गाड्या किती वाजता सुटल्या, किती वाजता आल्या, त्याची नोंद. खुर्ची, पंखा, टेबल. बढतीच म्हणायची. ही खूश आहे, वेळेवर घरी येतो म्हणून.

बोक्या


६ एप्रिल

साहेब,

बघ, लगेच बोक्याचा साहेब झालास! लहानपणी मामाच्या गाडीच्या गरम बॉनेटवर झोपून जायचास म्हणून बोक्या नाव पडलं, आता पंख्याखाली खुर्चीत झोप. पण अशी बातमी कुणी तीन ओळींत सांगतं का? पेढा नाही, फोन नाही. मी मामीला कळवलं, तिने लगेच शेजारी वाटेल त्याला सांगितलं. तुझे भाऊजी म्हणाले, "त्याला करमेल का पण बसशिवाय?" मी म्हटलं, "जुलैपासून त्याच्याकडे गाडी आहे की, रोज संध्याकाळी फिरवेल."

त्यासाठीच माझी धावपळ चालली आहे. ब्रेकच्या नळ्या नवीन टाकल्या. बॅटरी नवीन. पुढच्या चाकांचं अलाइनमेंट करून आणलं, कारण गाडी खाली आली की चाकं वरून आत कलतात आणि टायर आतल्या कडेला झिजतो. तिथपर्यंत मीच चालवत नेली, बैलगाडीच्या वेगाने, रागावू नकोस. तिथला मुलगा गाडीभोवती फिरला आणि म्हणाला, "बाई, मागचा जॅक काढायचा राहिलाय का?"

रंगाचे तीन तुकडे पत्र्यावर मारून बघितले. गडद हिरवा मनात भरला आहे. तो सगळ्या गाडीला एकच लागणार, त्यात अर्धं-अर्धं करता येणार नाही, तेव्हा त्यालाही तुझी मंजुरी हवी.

तुझ्या पत्रात थट्टा कमी होती. उन्हाने थकलास की नव्या कामाने?

ताई


३० मे

ताई,

हिरवा चालेल.

जुलैत डेपोत माणसं कमी असतात, रजा मिळेल असं वाटत नाही. माझी पाळी आली म्हणून घाईने गाडी धाडू नकोस. इथे ठेवायलाही जागा बघावी लागेल. बघू.

बोक्या


१८ जुलै

बोक्या,

जुलै अर्धा गेला. तू आला नाहीस. दोनदा फोन केला, दोन्ही वेळा वहिनी म्हणाली झोपलाय. पहिल्यांदा रात्री नऊ, तेव्हा मी मानलं. दुसऱ्यांदा सकाळी अकरा.

मी काही दुधखुळी नाही. तू रुसला आहेस. सरळ भांडला असतास तर चार दिवसांत मिटलं असतं, पण तू लहानपणापासून असाच, तोंडाने "बघू" म्हणायचं आणि आतल्या आत घुसमटायचं. तू दिवस मोजत होतास, धड गाडी हवी म्हणाला होतास, आणि मी तुझ्या एका वाक्याला धरून तिचं नाक जमिनीला लावलं. मला वाटलं गंमत आहे. तुला ती गंमत वाटली नाही, एवढंच. मामाची आठवण माझ्यापेक्षा तुला जास्त येते हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

तर रविवारी मी मूळ स्प्रिंग परत बसवले. दोन्ही बाजूंचे. वेल्डर म्हणाला, "बाई, एवढं केलेलं उलटं करताय?" मी म्हटलं, घरचं प्रकरण आहे. आता ती अगदी मामाच्या वेळी होती तशी उभी आहे, कपडे वर धरून. रंग तेवढा हिरवा. तो सुरेख झाला आहे, तो मी खरवडणार नाही, त्याला तू हो म्हणाला होतास.

कापलेले स्प्रिंग फळीवर ठेवून दिले. शेडमधून बाहेर आले तेव्हा जरा वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण गाडीपेक्षा तू मोठा आहेस. आता तरी ये आणि तुझे सहा महिने घेऊन जा. किल्ली दाराच्या मागे खिळ्याला आहे, टाकी भरलेली आहे. रुसवा सोडलास असं नुसतं एका ओळीने कळव, म्हणजे माझा जीव भांड्यात पडेल.

ताई


२९ जुलै

ताई,

तुझं पत्र केबिनमध्ये वाचलं आणि पुढच्या दोन गाड्यांच्या वेळा लिहायच्या राहिल्या.

मी रुसलो नव्हतो. एक दिवसही नाही. तुझा तो फोटो माझ्या खिशात असतो, सगळ्या डेपोने बघितला आहे. "माझा मागचा भाग आहे," असं सांगून मी लोकांना हसवतो. तू स्प्रिंग परत बदललेस हे वाचून मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

मला काचबिंदू झाला आहे. दोन्ही डोळ्यांना. दर वर्षीची तपासणी असते आमची, ती फेब्रुवारीत होती. समोरचे आकडे मी धडाधड वाचले, शेवटच्या ओळीपर्यंत. मग त्यांनी एका मशीनसमोर बसवलं. हनुवटी टेकवायची, मधल्या दिव्याकडे बघत राहायचं, आजूबाजूला ठिपका चमकला की हातातलं बटण दाबायचं. मी बसलो. बराच वेळ काही चमकेचना. मी त्या मुलीला म्हटलं, "बाळ, मशीन बंद पडलंय तुझं." तिने तिच्या बाजूचा पडदा बघितला. मग म्हणाली, "चालू आहे, काका."

समोरचं दिसतं, कडेचं गेलं आहे. म्हणजे नळीतून बघितल्यासारखं, पण नळी आहे हे मला कळलंच नव्हतं. हळूहळू जातं, दुखत नाही, आणि डोकं म्हणे उरलेलं चित्र स्वतःच भरून काढतं. तो डावा आरसा, तो खांब, ते तुझ्या पत्रामुळे नव्हतं. त्यानंतर किती रात्री मी हाच विचार करत बसलो, की त्या दिवशी तिथे खांबाऐवजी सायकलवरचं एखादं पोर असतं तर. मागे साठ माणसं बसली होती, आणि मी निम्मा रस्ता न बघता त्यांना नेत होतो.

गेलेली नजर परत येत नाही. राहिलेली टिकावी म्हणून दोन वेळा थेंब घालायचे. लायसन्स मीच परत केलं, कुणी मागायच्या आधी. बढती वगैरे काही नाही. हिला माहीत होतं, तिला मी गप्प बसायला लावलं, तिच्यावर चिडू नकोस. तुला सांगितलं नाही, कारण तुझ्या पत्रांत जुलै यायचा. ब्रेकच्या नळ्या, बॅटरी, मी चालवत येणार. तेवढ्या पत्रापुरता मी ड्रायव्हर होतो. ते संपवायला जीव होईना.

आता कागदावर मागतेस तर कागदावर देतो. मागचा अर्धा भाग तुझा. मला गाडी नको. चालवता न येणाऱ्याने गाडीत वाटा ठेवून काय करायचं, नुसता जीव जळतो. तू ती हवी तशी खाली कर. माझी काही हरकत नाही, कधी नव्हतीच फारशी.

बोक्या


४ ऑगस्ट

बोक्या,

पत्र कामाच्या टेबलावर उघडलं. समोर एका आजोबांची वरची कवळी होती, ती तशीच बाजूला ठेवली आणि आतल्या खोलीत जाऊन रडले. मग तुझा राग आला. मग स्वतःचा, की चार महिने तुला साहेब समजत होते, वर चिडवत होते आणि तू ते गिळत होतास. वहिनीला फोन केला, ती तिकडून रडली, मी इकडून. ते सगळं आटोपल्यावर हे लिहायला बसले आहे, तेव्हा नीट वाच.

पहिली गोष्ट. थेंब वेळेवर घालतोस की नाही ते मी दर रविवारी फोन करून विचारणार. फोन उचलायचा. झोपलोय म्हणायचं नाही.

दुसरी गोष्ट. मागचा अर्धा भाग मी घेणार नाही. मामाने अर्धी गाडी भाच्याला दिली होती, ड्रायव्हरला नाही दिली. मामीला मी काही सांगितलेलं नाही. तुला वाटा सोडायचाच असेल तर तिच्यासमोर उभं राहून सांग. होते का हिंमत बघू.

तिसरी गोष्ट कामाची आहे. मी वीस तारखेला गाडी घेऊन तुझ्याकडे येते. लांबचा पल्ला आहे, पण मला आता तिची सवय झाली आहे. तू आणि वहिनी बसा, आठ दिवस इकडे या. मागची सीट मी नव्याने भरून घेतली, स्प्रिंगच्या पट्ट्या बदलल्या, साहेबासारखा पाय पसरून बसशील.

आता तू हरकत नाही म्हणतोस, तर मागचे ठोकळे बसवून घ्यावेत असा विचार आहे. पण ते रिकाम्या गाडीवर मोजून चालत नाही. रिकामी असताना छान बसते, आणि माणूस बसला की टायर मडगार्डला घासतो. कवळीचंही तसंच असतं, टेबलावर बसते ती तोंडात बसेलच असं नाही. तेव्हा मागच्या सीटवर वाळूची पोती ठेवून उंची ठरवते. त्यासाठी तुझं वजन कळव. खरं कळव, लग्नातलं नको. वहिनीचं मी फोनवर विचारलं, तिने न लाजता सांगितलं.

आणि एक. "चालवता न येणाऱ्याने" असं परत लिहू नकोस. मला वाचवत नाही.

ताई


१२ ऑगस्ट

फौजदारीणबाईंना सलाम,

वजन एक्याऐंशी. ही म्हणते ब्याऐंशी. ब्याऐंशी धर.

मामीसमोर उभं राहायची हिंमत नाही, म्हणून वाटा ठेवतो. माझ्या अर्ध्या भागाला खाली करायची मंजुरी या कागदाने दिली. दोन्ही ठोकळे घाल. फळीवरचे कापलेले स्प्रिंगही पुन्हा पुढे बसव. आता उंच ठेवून मला काय करायचं आहे? तुला ती जशी मनात होती तशी घेऊन ये, दारात उभी राहिलेली बघू दे. सरळ समोरून बघितली की मला ती पूर्ण दिसेल.

पण ब्याऐंशी किलोची पोती मागच्या सीटवर ठेवू नकोस. ती पुढे ठेव, तुझ्या शेजारी. मागे हिचं वजन धर. सीट कितीही छान भरली असलीस तरी मी मागे बसणार नाही. मागे बसलं की दोन्ही बाजूंना खिडक्या, आणि पुढ्यात कुणाची तरी मान. पुढच्या काचेतून रस्ता समोर येतो. तो मला अजून पहिल्यासारखाच दिसतो, काल केबिनबाहेर उभं राहून मुद्दाम बघून घेतलं, शेवटची बस वळेपर्यंत.

हँडब्रेकपासून पुढचं सगळं तुझं आहे, तेव्हा तिथे बसायची परवानगी माझी मला मागावी लागते. ती कागदावर नको. आलीस की दार उघड, म्हणजे झालं.

गाडी पोटाने जमिनीला टेकणार, तेव्हा गतिरोधक लांबूनच कळायला हवेत. ते मी सांगेन, ते समोर असतात. बाजूने कोण येतंय ते तू बघ.

बोक्या